जावाच्या रिंगा

आकारामने पोतं उलटं केलं आणि मोटारसायकलच्या दोन्ही रिंगा लालासाबच्या पुढ्यात टाकल्या. त्यातली एक फरशीवर घरंगळत गेली आणि ॲसिडच्या हौदाला टेकून थांबली. लालासाबने ती उचलून अंगठ्याने घासली. अंगठा तांबडा झाला.

"कुठं ठेवल्या हुत्या ह्या, पावणं? हिरीत?"

"वैरणीच्या छपराखाली. पावसाळाभर," आकाराम म्हणाला. "आज क्रोम करून पायजेत."

लालासाबने शेडभर नजर फिरवली. उद्यमनगरातल्या त्या पत्र्याखाली सायकलींच्या हँडलांचा ढीग पडला होता, दवाखान्याच्या खाटांचे पाय भिंतीला टेकून उभे होते. वीजकपातीचे दिवस होते. निम्मा दिवस हौद नुसतेच गार पडून असायचे.

"पंधरवड्यानं या."

"आज."

"आवं, आज म्हंजे काय भजी तळायची हायत व्हय? जुनं क्रोम उतरवायचं, घासायचं, मग निकेल, मग क्रोम. त्यात ह्यास्नी गंजानं खाल्लंय. हितं बघा, खड्डं पडल्यात. क्रोम म्हंजे काय रंग न्हवं. खड्डा असला की खड्डाच चमकतोय."

"चमकू दे की."

लालासाबने रिंगा बाजूला ठेवल्या आणि घासायच्या बफची मोटार चालू केली. पावणं कंटाळून उठतील, असं त्याला वाटलं असावं. पण आकाराम दारात उकिडवा बसला तो हललाच नाही.

तो बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर होता. त्याचा एकुलता एक मुलगा कृष्णात गारगोटीच्या गॅरेजात काम करायचा. भंगारात निघालेली एक जावा मोटारसायकल कृष्णातने रोज कामावरून सुटल्यावर खपून उभी केली होती. गाडी चालू झाली त्या दिवशी त्याने आईला मागे बसवून मुधाळ तिट्ट्यापर्यंत फिरवून आणलं होतं. पुढे गळीत हंगामात, तिन्हीसांजेला, उसाच्या बैलगाडीची दांडी त्याला दिसली नाही. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

जखम भरली. कुबड्या आणल्या, त्या कोपऱ्यात होत्या तशाच राहिल्या. कृष्णात भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. आधी बोलणं गेलं, मग जेवण चार घासांवर आलं, मग दोन. डॉक्टर म्हणाले, पायाचं आमचं काम झालंय, आता त्याच्या मनानं घेतलं पाहिजे. मनाला कुठलं औषध लावायचं ते कुणी सांगितलं नाही.

काल सकाळी कूस बदलायला तानाबाईने पोराच्या पाठीखाली हात घातला. बाहेर आली तेव्हा तो हात तिने तसाच पुढे धरला होता.

"नुसती हाडं लागत्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरगं चाललंय माजं. बघत बसू नगा, काय तरी करा."

काय तरी म्हणजे काय, हे आकारामला कळलं नव्हतं. त्याने पान्हे घेतले, छपरात जाऊन जावाची चाकं उतरवली, स्पोक काढून रिंगा मोकळ्या केल्या आणि आज पहिल्या एस.टी.त बसला.

दुपारी लालासाबची बायको खतिजा डबा घेऊन आली. दारातल्या माणसाला तिने न विचारताच भाकरी आणि झुणका दिला. आकारामने भाकरी हातात घेतली. घास मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही.

"खावा की भाऊ."

"पोरगं जेवंना झालंय," आकाराम म्हणाला, आणि मग त्याला थांबताच येईना. मोटारीच्या आवाजावर आवाज काढून तो सगळं सांगत सुटला. लालासाबने मोटार बंद केली तरी तो तसाच ओरडून सांगत होता.

लालासाबने हात पुसले. क्रोमच्या पाण्याने त्याच्या बोटांना बारीक गोल जखमा पडलेल्या होत्या.

"पाय न्हाय म्हंता," तो हळू आवाजात म्हणाला. "मग गाडी चालवणार कोण?"

आकारामने मोडलेला घास पुन्हा भाकरीवर ठेवला.

"ठावं न्हाय," तो म्हणाला. "मला दुसरं काय करायला येत न्हाय, लालासाबभाई."

खतिजाने डब्याचं झाकण लावलं. "हँडलं काय पळून जात्यात व्हय?" ती नवऱ्याला म्हणाली, आणि पुढे काही न बोलता निघून गेली.

लालासाबने जुनं क्रोम उतरवलं. रिंगा ॲसिडातून काळ्याठिक्कर निघाल्या. आकारामने स्वतः त्या बफवर धरल्या, तोंडावर काळी पूड उडत होती तरी मान वळवली नाही. निकेल चांगलं बसलं. पहिली रिंग क्रोमच्या हौदातून वर आली तेव्हा तिच्यात शेडचा पत्रा दिसत होता. दुसरी हौदात सोडली आणि थोड्याच वेळात मीटरचा काटा खाली पडला. पंखा थांबला.

वीज गेली होती.

लालासाबने रिंग वर काढली. निम्मी चकचकीत, निम्मी राखेसारखी.

"आता?"

"आता परत पयल्यापासनं. वीज आली तर."

आकाराम उठला. त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि स्विचच्या बोर्डावर दोन्ही हात टेकवून, डोळे मिटून उभा राहिला, जणू रेटून वीज आत आणणार होता.

"हात काढा तिथनं, पावणं," लालासाब म्हणाला. "आली तर मराल. मग चाकं कोण न्हेणार?"

उन्हं कलली तेव्हा पंखा फिरायला लागला. दुसरी रिंग पुन्हा सगळं होऊन चकचकीत निघाली तेव्हा अंधार पडला होता. गारगोटीची शेवटची एस.टी. आकारामने पळत गाठली. रिंगा कापडात गुंडाळून त्याने मांडीवर घेतल्या होत्या.

सकाळी अंगणात बसून त्याने रिंगेत स्पोक ओवून मागचं चाक भरलं. कारखान्यात मोठमोठे रोलर बसवणारा माणूस, पण ह्या बारक्या स्पोकांनी त्याचा घाम काढला. कुठला कुठं जातो ते कळेना. कसंबसं जमवून तो चाक घेऊन आत गेला. कृष्णात भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कृष्णा, बघ की रं," असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं. पण दारातून आलेल्या उन्हात त्याने चाक आसाला धरलं आणि नुसतं फिरवलं.

रिंगेवरचं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं, बरोबर पोराच्या डोळ्यांपुढे. तो पट्टा भिंतीवर हलायला लागला. डावीकडे जाई, उजवीकडे येई, पुन्हा डावीकडे.

कृष्णात बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान वळवली.

"कुठल्या गाढवानं भरलीया ही?"

किती दिवसांनी वापरलेला तो आवाज खरखरीत झाला होता. चुलीपाशी तानाबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली.

"मी," आकाराम म्हणाला.

"डुलतीया की सगळी. असलं चाक कुणी गाडीला घालतंय व्हय? काढ. सगळं स्पोक काढ."

आकाराम तिथेच जमिनीवर बसला आणि चाक मांडीवर घेतलं. कुठला आटा कुठल्या बाजूने सुटतो, हे त्याला पोराच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याने पान्हा लावला आणि चुकीच्या बाजूने फिरवला.

"उलटं, आबा!" कृष्णात कोपरावर उठत ओरडला. "उलटं फिरीव की!"

आकारामने मान खालीच ठेवली. पुढच्या स्पोकालाही त्याने पान्हा तसाच चुकीचा लावला.