कालव्याकाठचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात कुणाला तोंड दिसत नाही. अॅल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यात जोडून मला घडवलं आणि कॅलिफोर्नियात, देओलिंदा बोर्जेस यांच्या बदामाच्या बागेत, कालव्याकाठी बसवलं. आकाशातून जाणारा उपग्रह रडारची लहर सोडतो, मी ती आल्या वाटेने परत धाडतो. दर खेपेच्या फरकावरून जमीन किती खचली ते कळतं. शेजारचा जीपीएसचा खांबही तेच मोजतो, पण आपल्या पायाखालचं तेवढंच; उपग्रह मात्र माझ्या खुणेच्या आधाराने साऱ्या परिसराचं चित्र काढतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग सगळे विसरले. देओलिंदाबाईंची तांबडी कोंबडी तेवढी माझ्या कुशीत अंडी घालू लागली. तिला दुपारचं ऊन लागतं म्हणून बाईंनी पान्याने माझं तोंडच फिरवलं. माया खरी होती. पण माझा आणि उपग्रहाचा संबंध तुटला.

त्याच उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बागेपर्यंत पोचेना. बदाम वाळू लागले. कालव्याच्या वरच्या अंगाला त्यांचा भाचा लौदेलिनो याचं शेत होतं.

"तोच अडवतो!" बाई म्हणत. "मांडीवर घेऊन भरवला, त्याचे हे पांग फेडतोय. पाणीवाटपाच्या येत्या बैठकीत त्याचं पाणीच बंद करायला लावते."

चर्चमध्ये त्या त्याच्यापासून लांब बसू लागल्या. इकडे बाईंच्या विहिरीचा पंप अखंड चालू.

एक दिवस मोजणीवाली युआ आली. "आजी, उपग्रहाला तुमचा आरसा दिसेना, आणि इथे बाळंतपण चाललंय!"

"मग त्याला सांग, पिल्लं निघेपर्यंत दम धर."

युआ हसली आणि खरंच थांबली. पिल्लं निघाल्यावर तिने मला पुन्हा आकाशाकडे वळवलं. काही महिन्यांनी ती रडारचं चित्र घेऊन आली. पंपापाशी उभं राहूनच तिने ते दाखवलं. कालवा मधेच ताटलीसारखा खोलगट झाला होता. पाणी तिथेच तुंबत होतं.

"लौदेलिनोने काही केलेलं नाही, आजी. जमीन बसलीय. सगळ्यांनी खालचं पाणी उपसलं म्हणून."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तुमचाही पंप आला त्यात."

"जमीन बसलीय म्हणतेस, मग हा विहिरीचा पाइप वर कसा येतोय? माझ्या लग्नात गुडघ्याएवढा होता!"

"तो खाली घट्ट थरात रोवलाय. तो जागच्या जागीच आहे."

पाइप आता बाईंच्या छातीला लागत होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. "म्हणजे तू हललाच नाहीस. आम्हीच खाली गेलो."

त्यांनी पंप बंद केला. घरातून गोड पाव फडक्यात बांधून आणला आणि त्या कालव्याच्या काठाने वर निघाल्या. समोरून लौदेलिनोच येत होता.

"मावशी, शिव्या द्यायला निघालीस की जेवायला?"

"आधी जेवू. मग तुझाही पंप बंद करायचाय."

मित्रांनो, इतकी खचलेली जमीन पुन्हा वर आलेली मी पाहिली नाही. म्हणून जमिनीच्या पोटातलं पाणी जपून उपसा. शेतात माझ्यासारखा कुणी उभा दिसला तर त्याचं तोंड फिरवू नका. देओलिंदाबाई आता मला स्वतः पुसतात. तांबडीचं एक पीस मात्र माझ्या कोपऱ्यात अजून अडकलेलं आहे. ते त्या काढत नाहीत, आणि युआही काढू देत नाही.