जाळ आणि जाळं

मी इलास्टिनचा एक धागा. राहायला पिंपळगाव राजाच्या गीताबाईंच्या उजव्या फुप्फुसात. नाव परकं वाटलं तरी मी तुमच्याही छातीत आहे. मोज्याच्या रबरासारखा ताणतो अन् परत येतो. त्या परत येण्यालाच तुम्ही श्वास सोडणं म्हणता.

गीताबाई आईच्या पोटात होत्या, तेव्हाच मला विणायला घेतलं. मी जिथे पडलो तिथे भिंत उठली, अन् एका मोठ्या फुग्याचे बारीक बारीक फुगे झाले. त्या शाळेत जाईस्तोवर बहुतेक विणकाम संपलं. पुढे मला नव्यानं विणणारं कोणी नाही.

माझा शेजारी, कोलॅजेनचा धागा, मात्र नशिबाचा! जरा कुठे जखम झाली की त्याची नवी भरती. खरं सांगतो, मला त्याचा फार हेवा वाटतो. आम्ही एकाच घरचे, पण त्याला सणासुदीला कोरं लुगडं अन् मला साठ वर्षं तेच. माझ्या फाटक्यावर ठिगळही तोच लावतो, तेही कडक, न ताणणारं.

चाळीस वर्षं चुलीतल्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, धूर आला. तो झाडायला धावलेल्या राखणदार पेशींनी घाईघाईत मलाच कुरतडलं. पुढे घरात गॅस आला, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारचा नैवेद्य चुलीवरच, हा गीताबाईंचा नेम. कलश मांडून कहाणी वाचताना एका ओळीत तीनदा थांबायच्या. "वय झालं," म्हणायच्या. वय कसलं? मी तुटत होतो.

यंदा त्यांना उठबस होईना, म्हणून चुलीपुढे सून बसली. पुष्पांजली, सातवा महिना. तिच्या पोटातल्या बाळाच्या छातीतही धागे विणले जात होते. कोरे, लवचीक. मी जळलो. मनात आलं, बसू दे तिला धुरात, आईच्या रक्तातून पोचू दे त्यालाही थोडा! मग माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या गुरुवारच्या आधी खामगावचे डॉक्टर सुनेदेखत गीताबाईंना म्हणाले, "फुप्फुसातलं लवचीक जाळं तुटलंय."

गीताबाईंनी ऐकलं, जाळ. घरी येईस्तोवर छातीवरचा हात काढला नाही.

गुरुवारी चूल पेटवायला पुष्पांजलीनं काडी ओढली.

"ऊठ वं माय तिथून! माह्या छातीत जाळ हाय म्हणे डॉक्टर. या चुलीचाच व्हय तो."

"जाळ नाही आत्याबाई, जाळं म्हणाले ते. अन् नेम मोडते ना तुमचा!"

"जाळ काय अन् जाळं काय, तू आंधी ऊठ. देवीले पुरण पाह्यजे, धूर काऊन पाह्यजे? नेम माहा हाय, लेकराचा नाही."

पुरण गॅसवर शिजलं. गीताबाईंनी पोथी सुनेपुढे सरकवली, अन् तिनं लांबलचक ओळ एका दमात वाचली. मी हेव्यानं ऐकत राहिलो.

नंतर गीताबाईंनी थंड चूल सारवून तिच्यापुढे रांगोळी काढली.

बाळाच्या धाग्या, तुला एकदाच विणतात रे. सावकाश विणू दे तुझं जाळं. माझ्यातला जाळ अजून थोडा आहे, पण चुलीतला विझलाय.