बारा नंबरचा वर्ग

समिती येणार असल्याचं पत्र आलं, त्या सकाळी आमच्या कॉलेजातला बारा नंबरचा वर्ग नऊ फुटांनी लांब झाला. शिपाई भिलानानांनी टेप लावून मोजलं आणि मला येऊन सांगितलं. मी समितीच्या कामाचा समन्वयक होतो. अहवालातला आकडा दुरुस्त करून घेतला.

देशाने कॉलेजांना श्रेणी द्यायचं ठरवलं, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी शेजारच्या तालुक्यातली पोरं सायकली हाणत आमच्याकडे यायची आणि कॉलेज चांगलं आहे हे कळायला एवढं पुरायचं. आता समिती तीन दिवस येणार, कागद बघणार आणि एक अक्षर देऊन जाणार. अक्षर घसरलं तर भूगोल विभाग बंद करू, असं संस्थेने तोंडी कळवलं होतं. भूगोल मी शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्ग आणखी वाढला. वाढलेल्या भागात जुने सागवानी बाक होते आणि त्यांवर मुलं बसली होती.

"कुठली बॅच?" मी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी," एक मुलगी म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

मी प्राचार्य देवरे सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्यांचे कागद आहेत?"

"नाहीत. वाळवी लागली होती."

"मग आत जा बोरसे सर, आणि त्यांच्याकडूनच लिहून आणा. काय शिकले त्याचा पुरावा लागतो आता."

मी निघालो. जसजसा आत जात होतो तसतसा खिडक्यांबाहेरचा कडुलिंब बुटका होत होता. दोन तासांनी तो काट्यांच्या कुंपणातलं रोपटं झाला, तेव्हा मी एकाहत्तर सालात पोचलो होतो. फळ्यापाशी मला भूगोल शिकवलेले नेरकर सर उभे होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी लागलेली होती, उजव्या बाहीला, नेहमीसारखी. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण हातात फायली होत्या.

"उशीर केलास, बोरसे."

"सर, समिती येतेय. आम्ही तुमच्याकडून काय शिकलो ते लिहून हवंय."

"ते मला कसं ठाऊक असणार? तू सांग."

मी पेनाचं टोपण काढलं. सर नदी शिकवायचे तेव्हा तांब्याभर पाणी शहाबादी फरशीवर ओतायचे आणि गप्प उभे राहायचे. आम्ही वाकून बघायचो. पाणी थबकायचं, फाटे फोडायचं, भिंतीच्या कडेने वाट काढायचं. पुढे एम.ए.ला पुण्याला गेलो, नोकरी लागली, लग्न झालं. आजही कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की मला आधी फरशीचा उतार दिसतो. हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मला सुचेना. कागद कोराच राहिला.

सोमवारी समिती आली. तिघं होते. अध्यक्ष दूरच्या विद्यापीठाचे निवृत्त कुलगुरू होते, मराठी बरं बोलायचे. मी त्यांना बारा नंबरच्या वर्गात नेलं. प्रत्येक बाकापाशी ते थांबून विचारत, "याचा पुरावा?"

"नाही," मी म्हणायचो.

ते कागदावर फुली मारत आणि तो बाक मुलांसकट पुसला जाई. आवाज होत नसे. अठ्ठ्याऐंशीची ती मुलगी वही मिटायला लागली होती, तेवढ्यात गेली. तिचं नाव विचारायला हवं होतं, असं मला वाटलं. पुढच्या बाकापाशी मी पुन्हा "नाही" म्हणालो, कारण ते खरं होतं.

दोन तासांनी आम्ही नेरकर सरांसमोर आलो. अध्यक्षांनी पेन उचललं.

"यांचा पुरावा?"

"मी आहे," मी म्हणालो.

"आणि तुमचा?"

सरांनी टेबलावरचा तांब्या घेतला आणि पाणी ओतलं. ते बाकांखालून वळसा घेत अध्यक्षांच्या बुटांपाशी येऊन थांबलं. अध्यक्षांनी वाकून बघितलं.

"हे इकडेच का आलं?"

"बसा, सांगतो," सर म्हणाले.

अध्यक्ष बसले. त्यांच्यामागे दोघं सदस्यही बसले. अध्यक्षांनी श्रेणीचा कागद उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पाण्याची आकृती काढायला घेतली. त्यांचे केस काळे होत होते.

"बोरसे सर," दारातून देवरे सरांची हाक आली, "कोणतं अक्षर मिळालं?"

मी मागे पाहिलं. पुसलेल्या बाकांच्या जागी फरशीच फरशी होती आणि तिच्या टोकाला दार काडेपेटीएवढं दिसत होतं.

"गडबड फार होतेय," नेरकर सर म्हणाले. "बोरसे, दार लाव आणि बस."

मी जागेवरूनच हात पुढे केला. हात वर्गासारखा लांबत गेला, एकाहत्तरातून निघून अठ्ठ्याऐंशीच्या मोकळ्या फरशीवरून पार दारापर्यंत. बोटांना कडी लागली. ती गार होती. मी दार ओढलं आणि पलीकडून देवरे सरांनी दोन्ही हातांनी ते आपल्याकडे ओढून धरलं.