खलास झालेला बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. खरं तर मी लॅव्हेंडरचं तेल काढायचं भांडं. पण आता मला पेटवणाऱ्या बाळाजीने मला बंब म्हटलं आणि तेच नाव पडलं. पोटाखाली जाळ असतो, एवढं साम्य मला मान्य आहे.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावातला. तिथल्या तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. माझ्यात फुलं भरत. खाली पाणी उकळे, वाफ फुलांतून वर जाई आणि गार पाण्यात बुडवलेल्या नळीत तिचं पुन्हा पाणी होई. त्यावर तेल तरंगे. पोतंभर फुलांचं तेल जेमतेम वाटीभर, पण गावात नाव माझंच होतं. पुढे मोठी यंत्रं आली आणि मी गोठ्यात जाऊन पडलो. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालत. वाईट वाटे, पण कोंबड्यांना काय सांगणार?

अदीबाबाईंनी मला बहारीनला आणलं. तिथल्या अराद गावात त्यांचं सुगंधी तेलांचं छोटं संग्रहालय आहे. इथल्या मातीत लॅव्हेंडर होत नाही; सुकी फुलं गोणीतून येतात. दर शनिवारी पाहुण्यांसमोर मला पेटवतात. ते काम बाळाजीचं. तो संगमेश्वरचा, ही गोष्ट घडली तेव्हा त्याला इथे येऊन दोनच महिने झाले होते.

एका शनिवारी माझ्या सांध्यातून वाफ सुटली. पाहुणे मागे सरकले. अदीबाबाई म्हणाल्या, "बाळाजी, खलास." बाळाजीला वाटलं, बंब मेला. संग्रहालयातली मोडकी कपाटं मीना सलमान बंदराजवळ गनीभाईंच्या भंगारात निघालीच होती. त्याने मलाही त्याच गाडीत चढवलं आणि स्वतःही सोबत आला.

गनीभाईंचं कटर माझ्या मानेला लागलं आणि बाळाजीचा फोन वाजला. पलीकडे संग्रहालयाची गाइड होती, वसईची फियोना.

"बाळाजी, बंब कुठाय?"

"मॅडमनीच सांगितलंन ना, खलास म्हणून!"

"अरे बाबा, इकडे खलास म्हणजे पुरे! आजचा डेमो पुरे, एवढंच!"

बाळाजी ओरडला, "गनीभाई, रोको! मत काटो!"

कटर थांबलं. त्याच गाडीने त्याने मला परत संग्रहालयात आणलं.

आता माझ्या मानेवर बोटभर चीर आहे, डाख देऊन बुजवलेली. सांध्याला बाळाजी कणीक लिंपतो, म्हणून वाफ सुटत नाही. मुलं चिरेबद्दल विचारतात, तेव्हा तो सबबी सांगत नाही. "माझ्या हातनं झालं," म्हणतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा कुणाला तरी विचारा. त्या दिवशी भंगारात माझ्या शेजारी कॉफीची एक पितळी किटली होती. चांगली घडीव, तोटीपाशी जराशी चेपलेली. तिच्यासाठी कुणाचाही फोन आला नाही.