कालियाच्या फण्यापासून गिरगावच्या डिशपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. वजनाला भारी, रंगाने काळा आणि स्वभावाने थोडा कुरकुऱ्या. काम करताना मी घूं घूं करतो. लोक त्याला आवाज म्हणतात, मी गाणं म्हणतो. घरातली वीज फार जोराची असते. लहान मोटरला ती तशीच दिली तर ती जळून जाईल. तो जोर उतरवून मोटरला सोसेल एवढीच वीज पुढे पाठवणं हे माझं काम.

माझा जन्म लालबागच्या एका चाळीत झाला. मला बनवणारा महादेव गिरणीत वायरमन होता. पाळी सुटली की दारात बसून तो माझ्या अंगावर तांब्याची तार गुंडाळत असे. त्या वर्षी गल्लीतल्या गणपतीपुढे कालियामर्दनाचा हलता देखावा होता. माझ्या विजेवर मोटर फिरे आणि कालियाचा फणा डुलू लागे. लहान मुलं आईच्या पदराआड लपत. हे कुणी केलं, असं रांगेतली माणसं विचारत, तेव्हा महादेव मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग गिरण्यांचा संप झाला. तो मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही, पण महादेवची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. त्याची बायको रखमा शिवडीच्या कोळीवाड्यातली. तिने आईची पाटी डोक्यावर घेतली आणि मासळी विकून घर चालवलं. महादेवने पक्कड, टेस्टर आणि मला एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. शेजाऱ्याचा पंखा बिघडला तरी तो म्हणे, आता जमत नाही. रिकामा माणूस म्हणून जो तो त्याला रॉकेलच्या रांगेत उभं करी. तोही मुकाट्याने जाई. मला वर पडल्या पडल्या वाईट वाटे आणि रागही येई.

अशी बरीच वर्षं गेली. गिरगावात कमलाकांत आणि उर्मिलाबाई या नवरा-बायकोच्या घरी रखमा नेमाने मासळी घाली. प्रभू ज्ञातीच्या त्या घरात माशांशिवाय घास उतरत नसे. त्यांच्या गच्चीवर एक भलीमोठी डिश होती. तिच्या पाठीला मोटरचा दांडा होता. मोटर चालली की दांडा सरकायचा आणि डिश आकाशात दुसरीकडे वळायची, मग टीव्हीवर दुसरी चॅनेलं दिसत. पण मोटरला वीज देणारी पेटी जळाली आणि डिश एका जागी अडकली. महिनोन् महिने त्या घरात एकच रशियन चॅनेल दिसत होतं. कमलाकांत वैतागले होते. उर्मिलाबाई मात्र एक मालिका नेमाने बघत आणि तिची गोष्ट मनानेच रचत.

रखमाने हे ऐकलं आणि आपला नवरा हे करील, असं परस्पर सांगून टाकलं. घरी येऊन तिने मला स्वतः माळ्यावरून उतरवलं. महादेवने गोणपाटाची गाठ सोडली. मग म्हणाला, "येतो. पण नाही चाललं तर याचं तांबं भंगारात घाल आणि पुन्हा मला कामाचं सांगू नकोस." माझं तर धाबंच दणाणलं.

गिरगावच्या घरात महादेवने मला खिडकीपाशी ठेवलं, वायरी जोडल्या. कमलाकांत डिश बघायला गच्चीवर गेले. महादेवने बटण दाबलं. मी जीव तोडून वीज पाठवली. मोटर कण्हू लागली, मी तापलो, माझ्या वार्निशचा वास सुटला. वरून कमलाकांतांनी सांगितलं, डिश हलत नाही. महादेवने बटण बंद केलं आणि वायरी सोडवायला घेतल्या. "रखमा, माझा हात गेला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

कमलाकांतांना खाली बोलवायला रखमा वर गेली. गच्चीवर उर्मिलाबाईंच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत होत्या. त्यांच्यावरच्या कापडाची नायलॉनची दोरी एका टोकाला पाण्याच्या टाकीला आणि दुसऱ्या टोकाला डिशच्या कडेला बांधलेली होती. डिश बंदच, मग दोरी बांधायला काय हरकत, असं बाईंना वाटलं होतं. कमलाकांतांना ती दोरी रोज बघून बघून दिसेनाशी झाली होती. आता ती ताणून तंग झाली होती. रखमाने कमरेला खोचलेल्या मासळीच्या कोयत्याने ती कापली आणि कठड्यावरून वाकून सांगितलं, "अवो, बांधलेली होडी कशी हालंल? हात नाय गेला तुमचा. परत बटन दाबा."

महादेवने वायरी पुन्हा जोडल्या. त्याने बटण दाबलं, मी गायला लागलो आणि वर डिश हळूहळू वळली. टीव्हीवर नवं चित्र आलं. उर्मिलाबाई मात्र कुरकुरल्या, की त्या रशियन मुलीचं लग्न आजच व्हायचं होतं. महादेव हसला. तसा तो देखाव्याच्या दिवसांत हसायचा. मग बाईंसाठी त्याने डिश पुन्हा मागे वळवून दिली.

पुढे त्याने चाळीच्या जिन्याखाली दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. नंतर केबल आली, ती मोठी डिश उतरवली गेली आणि मी त्याच्या फळीवर येऊन बसलो. आता मला काम नाही. कधी कुणी माझं तांबं विकायला सुचवतं, तेव्हा म्हातारी रखमा नुसती बघते आणि तो माणूस विषय बदलतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं यंत्र किंवा एखादं माणूस बंद पडलेलं दिसलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन बघा. तुम्हीच त्याला दोरी बांधली असेल.