चालू बोटीची अट

मंत्रीसाहेब, बोट तुम्ही बंद पाडलीत. वर सभेत सांगता, दोन प्रांतांनी मिळून धूर कमी केला.

नदीच्या या काठाचा नियम होता: जास्त धुराचं इंजिन बंद. पलीकडच्या प्रांताचा होता: चालू बोटीला डिझेल इंजिनाच्या जागी सरकारी बॅटरी. बोटीची नोंद पलीकडची, म्हणून बंदी लागत नव्हती आणि बॅटरी मिळणार होती. मग तुम्ही दोन्ही नियम दोन्ही काठांना लावलेत. कागदावर झकास दिसलं असेल.

बोटवाल्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाजच तसा. लग्न केलं नाही. पलीकडे धक्क्याला लागून विधवा ताईचं घर. दुपारची फेरी तिकडे लागली की ती गुडघे धरत डबा घेऊन यायची, दोघं बोटीतच जेवायची.

"ताई, मीठ कुठंय यात?"

"जिभेवर डिझेल बसलंय तुझ्या. तुला काय कळणार मीठ!"

एवढाच त्याचा संसार.

तपासणीवाले आले त्या दिवशी भोंग्याने इंजिन सकाळी सुरू केलं ते काठाला लागल्यावरही बंद केलं नाही. चालू बोट बघायला आलेत, नेमकं आजच रुसलं तर नाक कापलं जाईल, असं त्याला वाटलं. ते नळी लावून धूर मोजत होते आणि हा त्यांना चहा पाजत होता.

"बघा साहेब, एकदा तरी खोकलं का?"

"नाही हो काका. फारच चालतंय."

आठवड्याभरात इंजिनाला सील लागलं. भोंगा बॅटरी मागायला कचेरीत गेला.

"बोट चालू आहे का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तुम्हीच बंद केलीत की."

"मग अटीत बसत नाही, काका."

"अहो बाई, चालू असती तर बॅटरी कशाला मागितली असती? आणि चालू ठेवली तर तुम्ही बंद करणार!"

बाईंना हसू आलं. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "मला नका विचारू."

आता पलीकडे जायचं तर पुलाचा वळसा, दोन बस. ताईला बसची पायरी चढवत नाही. भोंगा एकदा गेला. पोचेस्तोवर डबा गार झाला होता आणि परतीची बस धरायची होती. "दोन घास तरी खा रे," ताई म्हणत राहिली. बोटीने जाणारे आता आपापल्या गाड्या काढून पुलावरून जातात. तो धूर कुणी मोजला?

दुपारी ताई तिकडच्या धक्क्यावर येते, हा इकडे उभा राहतो. नदी रुंद. तिची छत्री दिसते, तोंड दिसत नाही. काल ती काहीतरी ओरडली. याने शेजारच्यांना विचारलं, काय म्हणाली? कुणालाच कळलं नव्हतं. हा तरीही मान हलवत "हो, हो" ओरडला.

धूर कमी व्हायलाच हवा. त्याचं इंजिन धूर ओकत होतं, तेही खरं. पण एका हाताने बोट बंद करायची आणि दुसऱ्या हाताने म्हणायचं, चालू दाखव! बॅटरी कधी देताय? लेखी उत्तर नको. त्या धक्क्यावर उभे राहा आणि मोठ्याने द्या, दोन्ही काठांवर ऐकू जाईल असं.