हिरव्या खड्याचा दात

"लिही," सासरे म्हणाले. "महोदय, तुम्ही आयुष्यात कधी दात हातात धरलेला दिसत नाही."

सुनेने 'महोदय' एवढं टाइप केलं आणि हात थांबवले.

"बाबा, इतकं तोडून लिहायचं?"

"तोडून कुठे? महोदय म्हटलंय की."

तिने निमूटपणे उरलेलं वाक्य उतरवलं. सासऱ्यांच्या हाताला कंप सुटल्यापासून कीबोर्डचं सगळं काम तिच्याकडे आलं होतं. ती घरी बसून एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. दुसऱ्याने सांगितलेलं, मध्ये आपलं डोकं न घालता उतरवायची तिला सवय होती. पण कुणाच्या बरगडीला चीर गेली हे उतरवणं वेगळं आणि चहा पोटात जायच्या आत अनोळखी माणसाला फैलावर घेणं वेगळं.

भांडण दातांवरून होतं. सासऱ्यांचं सगळं आयुष्य खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये कवळ्या आणि दातांच्या कॅप करण्यात गेलं होतं. आता तिथे मुलगा बसायचा. कामाच्या ऐन धबडग्यात कधीतरी, कुठल्याशा मासिकात, त्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या, मेक्सिकोकडच्या माया लोकांपैकी एका माणसाच्या जबड्याचा फोटो पाहिला. पुढच्या दातांना गोल भोकं पाडून त्यांत जेड नावाच्या हिरव्या दगडाचे खडे बसवलेले, आणि माणसाची माती झाली तरी खडे जागचे हललेले नाहीत. "आमची कॅप दहा वर्षं टिकली तर आम्ही मिशीला पीळ देतो," सासरे म्हणायचे, "आणि ह्यांचं काम बघा." त्या खड्यांनी त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. काम सुटल्यावर घरात बसून चिडचिड करायला लागले, तेव्हा मुलाने त्यांना 'मायांचे दात' नावाचा ब्लॉग काढून दिला. घरात शांतता नांदायला लागली.

ब्लॉगच्या एका कडेला 'माझे आवडते ब्लॉग' होते. सासरे रोज सकाळी ते पेपरसारखे वरून खाली वाचून काढायचे. मक्याच्या देवावर लिहिणाऱ्या एक बाई होत्या, त्या फार हळव्या. मायांच्या कालगणनेवर लिहिणारे एक गृहस्थ होते. त्यांनी जग बुडण्याची तारीख दिली होती, आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, जसं काही झालंच नाही अशा थाटात, आपल्या मांजराचा फोटो टाकला होता. सगळ्यांत शेवटी होता 'हिरवा खडा'. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'एक कारागीर'. सासऱ्यांचा सगळ्यांत लाडका ब्लॉग तोच, आणि सगळ्यांत जास्त शिव्याही त्यालाच.

कारागिराचं म्हणणं, माया लोक दोन तळहातांत काडी घुसळून दाताला भोक पाडत असणार. सासऱ्यांचं म्हणणं, तळहात घसरतात, धनुष्याची दोरी लावून गिरमिट फिरवल्याशिवाय इतकं गोल भोक पडणं शक्य नाही. हे त्यांनी त्याच्या ब्लॉगखाली नाना तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं. कारागीर उत्तर द्यायचं नाव घेत नव्हता.

"माज आहे," सासरे म्हणाले. "पाठव."

तिने पाठवलं. सासरे उठून आंघोळीला गेले. 'बरं झालं' नाही, 'दमलीस का' नाही, काही नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून आभाराचा शब्द तिने ऐकला नव्हता. नवरा म्हणायचा, मी तरी कुठे ऐकलाय, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती लावून घ्यायची.

त्या दिवशी डॉक्टरांचे रिपोर्ट यायला उशीर होता. म्हणून ती 'हिरवा खडा' उगाचच खाली खाली नेत बसली. वर्षानुवर्षांत त्यावर नवं काही आलेलं नव्हतं. बऱ्याच खाली एक फोटो लागला. प्लॅस्टरचा जबडा, पुढच्या दातात हिरवा मणी बसवलेला, तळाचा एक कोपरा उडालेला. खाली लिहिलं होतं, 'घरी करून पाहिला.'

तिने मान वर केली. समोरच्या फळीवर, कंपासपेटी आणि जुन्या रेडिओच्या मध्ये, तो जबडा होता. या घरात जबडे इतके होते की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. तिने तो खाली काढला आणि फडक्याने पुसला. मणी हिरवा होता. कोपरा उडालेला होता.

आधी तिला वाटलं, सासऱ्यांनी त्या माणसाचा पाहून केला असेल. पण पाहून करताना कोपरासुद्धा कुणी उडवतं का?

मग तिने 'माझ्याविषयी' उघडलं. तिथे कारागिराने लिहिलं होतं: 'धंदा, दुसऱ्यांचे दात. आवडी, मायांचे दात, चांगलं मेण, आणि बायकोचा अर्धा तुटलेला पुढचा दात. मी गावभर दात पुरवतो, पण हा एक ती मला करू देत नाही. हसताना तोंडावर हात धरते. मी तो हात खाली यायची वाट पाहतो.'

सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोत त्यांनी ओठ मिटून घेतले होते. तिला आठवतं तसं, घरातल्या सगळ्याच फोटोंत.

ती खाली गेली. नवरा तोंडाला फडकं बांधून कवळी घासत होता.

"आईंचा पुढचा दात तुटलेला होता?"

त्याने मशीन बंद केलं. "तुला कुणी सांगितलं?"

तिने फोन पुढे केला. त्याने हात पुसले, वाचलं, पुन्हा वर नेऊन वाचलं.

"हा बाबांचाच," तो म्हणाला. "आई असताना लिहायचे. ती गेल्यावर बंद केला. मी पार विसरून गेलो होतो."

"पण तूच लावून दिलास ना तो आवडत्या ब्लॉगमध्ये?"

"त्यांनी सांगितले ते लावले. मी कुठे उघडून बघत बसलो?"

"मग रोज सकाळी ते भांडतात कुणाशी?"

नवऱ्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. तो आधी हसला. "तुझी फिरकी घेत असतील. तू बाबांना ओळखत नाहीस. दातांच्या एका डॉक्टरांना त्यांनी कवळीत एक हिरवा दात बसवून पाठवला होता. डॉक्टरांचा फोन आला तर म्हणाले, रंग पेशंटने निवडलाय. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही."

"फिरकी एक दिवस घेतात. इतके महिने?"

तो कवळी उजेडात धरून तिच्यात काही दिसतंय का बघत राहिला.

"आणि फिरकी नसेल तर?" तिने विचारलं.

"मग डॉक्टरांना दाखवावं लागेल." मग घाईने म्हणाला, "पण आधी खात्री करू. ते थट्टा करत असले आणि आपण डोकं तपासायला नेलं, तर त्यांचा केवढा पाणउतारा होईल. तू बघ जरा."

"मी?"

"बोलतात कुणाशी ते? तुझ्याशीच ना?"

बघ जरा म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, हा कारागीर कोण असेल हो?"

"असेल कुणी रिकामटेकडा."

तिने तो जबडा फळीवरून काढून कॉम्प्युटरच्या शेजारी आणून ठेवला. त्यांनी उचलला, अंगठ्याने मणी चाचपला आणि म्हणाले, "हा मी केलेला."

"त्यांच्या फोटोतही अस्साच आहे. बघा."

सासऱ्यांनी पडद्यावर बघितलं, हातातल्या जबड्याकडे बघितलं आणि शांतपणे निकाल दिला, "चोर आहे लेकाचा."

यावर हसायचं की नाही, तिला कळेना. चष्म्याचंही तसंच. पूर्वी ते चष्मा कपाळावर सरकवून घरभर तो शोधण्याचं नाटक करायचे. माझा चष्मा कुणी उचलला म्हणून सगळ्यांना उभं करायचे आणि कुणीतरी बोट दाखवलं की खूश व्हायचे. हल्लीही शोधायचे. ती बोट दाखवायची, आणि ते कधी हसायचे, कधी नुसतेच चष्मा डोळ्यांवर ओढून घ्यायचे. एकदा खाली जाऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसले आणि मुलाला विचारलं, "हे माप कुणाचं?" आता यात काय वावगं होतं? त्यांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न तो. प्रत्येक गोष्टीची दोन उत्तरं निघत होती आणि दोन्ही बरोबर वाटत होती. आपल्यालाच काही होतंय की काय, असं तिला वाटायला लागलं. रिपोर्ट टाइप करताना तिने डावा गुडघा लिहायचा तिथे उजवा लिहिला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

ती घाबरली होती. उघडपणे, स्वतःशी कबूल करण्याइतकी घाबरली होती. जो माणूस आपलंच लिहिणं ओळखत नाही, तो उद्या सकाळी शेजारी बसलेल्या बाईला, तू कोण, असं विचारू शकतो. आणि नवऱ्याला सांगावं, घे डॉक्टरांची वेळ, तर मनात यायचं की म्हातारा तिकडे मनातल्या मनात हसत असला तर?

एका सकाळी सासऱ्यांनीच 'माझ्याविषयी'वर बोट ठेवलं. "हे काय आहे? उघड."

तिने उघडलं.

"वाच. अक्षरं बारीक आहेत."

तिने मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्यही वाचलं. सासरे मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे आपल्याच धंद्यातला आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग दात हातात धरलेला नाही, हे आपण चुकीचं लिहिलं."

"हो, बाबा."

"आणि बायकोचा दात तसाच ठेवलाय गाढवाने."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तिने विचारलं, "बाबा, त्यांची बायको आता नसेल तर? ब्लॉग कधीचा बंद आहे."

खालचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. सासऱ्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही. त्यांचा कापणारा हात वर गेला, तोंडावर आला, जरा वेळ तिथेच राहिला आणि खाली मांडीवर आला.

"लिही," ते म्हणाले. "महोदय, दात केला नाहीत ते बरं केलंत."

तिने लिहिलं. सांगितलेलं उतरवताना मध्ये प्रश्न विचारायचा नाही हा तिच्या धंद्याचा शिरस्ता होता. तिने तो मोडला.

"बरं का केलं?"

"मी केला असता तर बेमालूम केला असता. जवळून बघणाऱ्यालाही कळला नसता. मग तिने हसताना तोंडावर हात कशाला धरला असता?" त्यांनी जबड्यावरून अंगठा फिरवला. "सगळ्या बायका हसतात. आठवायला काय राहिलं असतं?"

"हे लिहू?"

"नको. एवढंच राहू दे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खाली लिही, काडी घुसळण्याचं तुमचं म्हणणं मात्र चूकच आहे."

तिने तेही लिहिलं आणि पाठवलं. ज्या ब्लॉगखाली ते गेलं होतं त्याचं खातं कुणी उघडत नव्हतं, त्याचा पासवर्ड घरात कुणाला ठाऊक नव्हता, हे तिने नवऱ्याकडून आधीच काढून घेतलं होतं.

जेवताना नवऱ्याने हळूच विचारलं, "काय ठरलं? वेळ घेऊ का डॉक्टरांची?"

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चहाचे कप घेऊन आली तेव्हा सासरे कॉम्प्युटरपुढे येऊन बसले होते. पडदा काळा होता. तो सुरू करायचं कामसुद्धा तिचंच होतं.

"त्याचं उत्तर आलं का?"

आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. तिने कप खाली ठेवले. त्या चेहऱ्यावर वाट बघणं इतकं स्पष्ट दिसत होतं की खरं काय ते सांगून टाकायचं, हे रात्री ठरवलेलं तिच्या डोक्यातून गेलं.

"आलं," ती म्हणाली.

"काय म्हणतो?"

"आभारी आहे म्हणाले."

सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं.

"तो?"

"हो."

"शक्य नाही," सासरे म्हणाले. "तो माणूस आभार मानणाऱ्यातला नाही."

ती त्यांच्या डोळ्यांत काही सापडतं का ते शोधत राहिली. पण त्यांनी केव्हाच तोंड फिरवलं होतं आणि ते टेबलावर हाताने चाचपायला लागले होते, कपांच्या मागे, कागदांखाली, प्लॅस्टरच्या जबड्यापलीकडे.

"बाबा, चष्मा कपाळावर आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि टेबलावरून हात फिरवत राहिले.